टाकी भरेपर्यंत

टाकी भरायला वेळ लागतो बरं! नळाखाली बकेट लावून बसणाऱ्याला वाटतं, तिकडे कोणी बटण दाबलं की झालं. तसं नसतं. पंप सुरू करा आणि बसा. पाणी आपल्या चालीनं चढतं, तुमच्या घाईनं नाही. तोवर खाली बसलेली माणसं काय करणार? बोलणार! एकमेकांची खेचणार. रोज टाकी भरायची म्हणजे रोज एखादा किस्सा. पाणी दिवसभरात संपून जायचं, किस्से शिल्लक राहायचे.

मी भगवान. नागपुरातल्या एका जुन्या टाकीवर चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, लांब दांड्याची चावी घालून गल्लीगल्लीला पाणी सोडणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत. मास्तर म्हणाले, "याला पुढं ढकलला तर अख्खा वर्ग मागं येईल," म्हणून थांबलो.

टाकी इंग्रजांच्या काळातली, लोखंडी, जाडजूड पायांची. लांबून पाहिली की वाटायचं, डोक्यावर हंडा घेऊन कोणी बाई ऑटोची वाट पाहत उभी आहे.

टाकीवरच्या माणसांतले आता आम्ही दोघंच उरलो होतो. मी आणि पंप ऑपरेटर गजभिये. त्यातला गजभियेही निघाला! त्याचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. तो म्हणाला, "बाबा इथं एकटे कसे राहतील?" हा प्रश्न माझ्याबद्दल कोणाला पडत नाही. माझी पोरगी पुण्याला असते, फोन करते, "जेवले का?" विचारते. मी "हो" म्हणतो. बोलणं संपतं.

टाकीचं आता भलतंच काही झालंय, ते येईल पुढं. माझी इच्छा एवढीच होती की जायच्या आधी गजभियेनं या बदललेल्या टाकीत एकदा तरी माझ्यासोबत वर यावं. आणि तो म्हणायचा, "मेलो तरी येत नाही!"

* * *

टाकीला बाहेरून एक पट्टी होती. पट्टीवर एक लाल काटा. आत तरंगता डबा, डब्याला तार, तार चाकावरून बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला हा काटा. म्हणजे आत पाणी चढलं की बाहेर काटा उतरायचा. काटा खाली तर टाकी भरलेली, काटा वर तर टाकी ठणठणीत. बांधणाऱ्यानं असं का केलं, त्याला विचारायला तो राहिला नव्हता.

एकदा समोरच्या गल्लीतल्या पराते काकू रिकामा गुंड, म्हणजे पितळी हंडा, घेऊन आल्या.

"काय गा भगवान! काटा पार वर हाये, टाकी फुल्ल हाये, अन् आमच्या नळातून वारा येऊन राहिला! पानी कोन पेऊन राहिलं?"

"काकू, तो उलटा वाचायचा. वर म्हनजे रिकामी."

"मंग काल खाली होता तवा?"

"काल फुल्ल होती."

काकूंनी गुंड खाली ठेवला. "अन् आमी काल पानी जपून वापरलं नं बापा! कपडे नाई धुतले!"

मग कळलं. टाकी भरलेली असली की सारी गल्ली काटकसर करायची, आणि टाकी तळाला गेली की बाया खुशीत येऊन गोधड्या धुवायला काढायच्या. वर्षानुवर्षं!

गजभिये म्हणाला, "भगवान, पट्टीखाली मोठ्या अक्षरात लिहून टाक नं, 'उलटे वाचा' म्हनून."

मी ब्रश घेऊन चढलो आणि लिहिलं. पण अक्षरं उलटी लिहिली. डोकं खाली, पाय वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली माना वाकड्या करून उभी!

* * *

आमचे निनावे साहेब. ज्युनिअर इंजिनिअर, माणूस सोन्यासारखा, फक्त उंचीला भ्यायचा. स्टुलावर चढून बल्ब लावत नव्हता, तो टाकीची तपासणी काय करणार? तपासणीला साहेबांचं पिवळं हेल्मेट वर जायचं, गजभियेच्या डोक्यावर. साहेब पंपघरात चहा प्यायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं, साहेब टाकीवर आहेत.

एक दिवस न सांगता मोठे साहेब आले. जीपमधून उतरले, वर पाहिलं.

"ऊपर कौन है?"

मी म्हणालो, "निनावे साहेब."

मोठ्या साहेबांनी हात हलवला. वरून पिवळ्या हेल्मेटनंही हलवला. मोठे साहेब खुश झाले. म्हणाले, "आने दो नीचे, बात करके जाता हूँ." आणि खुर्ची मागवून बसले!

आता बघा मजा. गजभिये खाली उतरला तर चेहरा दिसणार. निनावे साहेब पंपघरातून बाहेर आले तर अख्खेच दिसणार. मी मधे उभा. मला तर काय, सिनेमा फुकटात!

मोठ्या साहेबांनी चहा घेतला. पान खाल्लं. वर पाहिलं. गजभिये बिचारा वर उन्हात कधी इकडे वाकून बघ, कधी तिकडे ठोकून बघ, असं करत होता. पंपघराच्या खिडकीतून निनावे साहेब मला हात जोडत होते. मी त्यांना परत नमस्कार करत होतो.

शेवटी मोठे साहेबच उठले. हाताचा भोंगा करून वर ओरडले, "निनावे! आराम से करो! मैं चलता हूँ!"

पुढल्या महिन्यात निनावे साहेबांची बदली झाली. ऑर्डरसोबत शाबासकीही होती. असा उंचीला न भिणारा अधिकारी मिळणं कठीण, म्हणून त्यांच्याकडे शहरातल्या सगळ्या उंच टाक्या दिल्या होत्या.

* * *

शकूबाई टाकीच्या आवाराची झाडलोट करायची. तोंड असं की आम्ही दोघं तिच्यासमोर शाळेतली पोट्टी. मोठ्या पाइपाच्या जोडातून पाणी गळायचं, त्याच्या खाली तिनं पालक लावला होता. काय पालक होता! पाइप गळत होता तोवर आमच्यापैकी कोणी बाजारातून भाजी आणली नाही.

लीकेज बंद करायचा हुकूम यायचा. शकूबाई कमरेला पदर खोचून पाइपासमोर उभी राहायची. "पालक आता कुठं वर आला. निघाल्यावर करा."

निघाल्यावर ती दुसरा पेरायची.

असं करत करत तो जोड कागदावर कितीदा दुरुस्त झाला देव जाणे. अखेर एका नव्या ठेकेदारानं तो खरोखरच बंद केला. महिन्याभरात वाफे वाळून करड्या मातीचे झाले. त्याच दिवसांत निनावे साहेब बदलीच्या जागेवरून भेटायला आले. वाफ्यांपाशी जाऊन वाकले, माती चिमटीत घेतली.

म्हणाले, "शकूबाई, आम्ही टाक्या बांधतो, पाइप घालतो, आयुष्यभर गळती थांबवतो. पण तुझ्या पालकासाठी थोडी राहू द्यायची होती गं."

शकूबाई म्हणाली, "थोडी राह्यली असती साहेब, पन हा माणूस इमानदार निघाला. असे लोक असले त गरिबानं खावं काय?"

आता ती सावनेरला लेकीकडे असते. लेकीच्या घरी सगळं आहे, नळ कुठेच गळत नाही. फोनवर तक्रार करते.

* * *

हा किस्सा नाही, पण मधे सांगून टाकतो.

एकदा टाकी भरत होती, आणि मी गजभियेला छेडत होतो. "काय गा गजभिये, जिंदगीभर पानी भरलं, तुले काय भेटलं? ना लायनीत पुढचा नंबर, ना नळाले जास्ती धार!"

तो पंपाच्या मीटरकडे बघत बसला होता. तसाच म्हणाला, "माह्या बापाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. मी अख्ख्या वस्तीले पानी पाजून राहिलो. आनखी काय पायजे बे?"

मी पुढची फिरकी तोंडात तयार ठेवली होती. ती तशीच ठेवून मी काटा बघायला बाहेर गेलो.

* * *

मग पलीकडे सिमेंटची नवी टाकी झाली आणि आमची बंद झाली. हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. दोन माणसं वेल्डिंगची मशीन घेऊन आली, खालचा पाइप बंद करून निघून गेली. तोवर आम्हीही रिटायर झालो होतो.

पण लोकांच्या लेखी चावीवाला रिटायर होत नाही! भाजीवाला, न्हावी, बँकेतला क्लार्क, सगळे मला पाहिलं की एकच विचारतात: "भगवानभाऊ, पानी कधी येईन?" मीही मनाला येईल ते ठोकून देतो. "साडेपाचले." "उद्या नाही, परवा." "लाइन फुटली." एकानं माझ्या भरवशावर लग्नाचा मांडव पुढं ढकलला होता!

माझी बायको गेली तेव्हा घाटावर गल्लीतली बरीच माणसं आली होती. सगळं आटोपलं. मी बाकड्यावर बसलो होतो. एकजण जवळ येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "वहिनी लई चांगली होती."

मी मान हलवली.

तो आणखी जवळ सरकला. "भाऊ, उद्या पानी येईन नं?"

मी म्हणालो, "येईन. प्रेशर कमी राहीन."

* * *

रिकाम्या टाकीचं काय करायचं, यासाठी एकदा मैदानात पेंडॉल टाकून वस्तीची सभा भरवली. कोणी म्हणे पाडा. कोणी म्हणे खाली पार्किंग करा. एक नेता टाइप माणूस म्हणाला, वर मोठा पुतळा बसवा. कोणाचा, यावर अर्धा तास भांडण!

शेवटी माइकवाला म्हणाला, "ज्यांनी टाकीवर नोकरी केली त्यांनी पण बोलावं."

मी उठलो. म्हटलं, "मले द्या. मी राहतो तिच्यात."

पेंडॉल गदगदा हसला. खुर्च्या हलल्या. माइकवाल्यानं तर टाळी मागितली माझ्यासाठी.

सगळे हसून राहिले, मग मीही हसलो.

* * *

अखेर काम आलं रेवती मॅडमकडे. रामदासपेठेत त्यांचं ऑफिस, जुन्या इमारतींना नवं काम शोधून देतात. (जुन्या माणसांचं असं ऑफिस अजून निघालं नाही.) त्यांनी टाकीला बाहेरून गोल जिना लावला, लोखंडात दार कापलं आणि आत मोठी गोल खोली केली. खुर्च्या, दिवे, भिंतीवर जुने फोटो. रविवारी लोक येतात, गाणं-बिणं होतं. आणि मध्यंतरात, "टाकीच्या आठवणी: श्री. भगवान!" श्री. म्हणजे मी.

आत बोललं की आवाज फिरून परत येतो. पहिल्या दिवशी मी दारातून सवयीनं हाक मारली, "कोन हाये बे आत?" आणि आतून कोणीतरी तेच विचारलं. मी मॅडमना म्हणालो, "छान आहे. माझ्या घरी एवढंही कोणी बोलत नाही."

मॅडम हसल्या. मग माझ्यासाठी एक खुर्ची ओढली.

लोकांना आठवणी हव्या असतात, पण मोठ्या. पालक-बिलक ऐकून त्यांचं पोट भरत नाही. एका रविवारी मी सांगून दिलं, की एका गोऱ्या साहेबाची मेम उन्हाळ्यात या टाकीत पोहायची आणि साहेब खाली टॉवेल घेऊन उभा राहायचा. लोक खुश! पुढल्या रविवारी जातो तर दाराशी पितळी बोर्ड, मराठीत आणि इंग्रजीत, मेमसाहेब टॉवेलसकट!

मी गजभियेकडे गेलो. "जय भीम."

"जय भीम. काहून आला?"

त्याला बोर्डाचं सांगितलं. तो खवळला. "अबे, पानी पेत होते लोक! कोनती मेम पोहते? जाऊन सांग, खोटं हाये म्हनून!"

"आता कसं सांगू गा? आता ते पितळेवर हाये!"

त्याला हसू आलं नाही. मी म्हणालो, "तूच ये नं मग वर. तूच सांग लोकायले."

"ज्या टाकीत पानी नाई, तिथी मी काय करू? खुर्चीवर बसून गाने आयकू?"

"माह्याजवळ बस."

"मेलो तरी येत नाई," गजभिये म्हणाला आणि कपड्यांच्या घड्या घालू लागला. बॅग उघडीच होती. येत्या रविवारची गाडी होती.

* * *

रविवार आला. वर माणसं जमत होती. मी माझ्या खुर्चीवर, शेजारची खुर्ची रिकामी. एक बाई म्हणाली, "इथं कोणी आहे का?" मी म्हणालो, "हो." ती मागे जाऊन बसली.

आणि जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, मधे मधे थांबत. मी मान वळवली नाही. जिना चढताना गजभिये कसा खोकतो, ते मला माहीत आहे.

दारात तो थांबला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, प्रवासाचा. खाली मुलगा टॅक्सी घेऊन उभा होता. गजभियेनं आत पाहिलं, खुर्च्या, दिवे, माणसं. मग वाकून चपला काढल्या, आणि दाराबाहेर जोडीनं, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या.

रेवती मॅडम लगबगीनं पुढं आल्या. "काका, या ना, चपला घालूनच या. इथं चालतं."

"कोन म्हनते चालते?"

"नाही, म्हणजे सगळेच..."

"पोरी, लोकं पानी पेते यातलं."

मी हसायला तयार होऊन बसलो होतो. पण कोणी हसलं नाही. आवाज गोल फिरून परत आला. मघाची ती मागची बाई उठली, सँडलचा पट्टा सोडू लागली. मग तिच्या शेजारचा. मग रांगच्या रांग! बूट, सँडल, लेकरांच्या लाइटवाल्या चपला. गजभिये दारात उभा राहून प्रत्येकाच्या जोडीनं लावत होता, आणि मॅडमना समजावून सांगत होता.

"टाकी धुवाले आत उतरलो की चपला अशा बाहेर ठेवाच्या. मंग खालचा मानूस येऊन पाहून जाते. चपला दिसल्या म्हनजे मानूस आत हाये. मंग पानी सोडाचं नाई. चपला गेल्या की मंगच पंप. याच्यात कदी चूक नाई करत कोनी."

मॅडमनी स्वतःचे बूट काढून त्याच्या हातात दिले. वडीलधाऱ्याच्या हातात आपण बूट दिले, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

मग गजभिये अनवाणी आत आला. भिंतीला हात लावत एक पूर्ण फेरी मारली. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "पार कोरडी हाये बे."

"बस," मी म्हटलं.

बसला. मी हेल्मेटचा किस्सा सांगितला. लोक खिदळले. तेवढ्यात हा मधेच म्हणाला, "वर माह्याजवळ डबा होता. मोठे साहेब चहा पेत होते तवा मी पलीकडच्या बाजूले बसून जेवून घेतलं. मंग जरा डोळा लागला." एवढ्या वर्षांत हे मला बोलला नव्हता! लोक माझ्यावर हसले, आणि गजभिये लोकांकडे बघून हसला. त्याला असं हसताना पाहिलं, आणि पुढचा किस्सा काय होता, तेच विसरलो.

खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

गजभिये उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, पण तिथं काही धूळ होती ती झटकली.

"चालतो मंग."

"जाय."

"खात जाय वेळेवर."

"तू काय माही पोरगी हायेस?"

तो गेला. जिन्यावरचा खोकला खाली खाली जात राहिला. टॅक्सीचं दार लागलं. मी किस्से पुढं सुरू ठेवले. काय सांगितलं, विचारू नका.

कार्यक्रम संपला. लोक आपापल्या चपला शोधून, एका पायावर नाचत, घालून उतरले. मॅडमनी दिवे बंद करायला घेतले. दाराशी जाऊन थांबल्या.

"काका, या कोणाच्या राहिल्या?"

दाराबाहेर एक जोडी होती. जुनी, टाचेला झिजलेली. टोकं बाहेरच्या बाजूला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गजभियेचा मुलगा, स्टेशनवरून, मागं गाड्यांचा गोंगाट.

"काका, गाडी लागली आहे आणि बाबा अनवाणी आहेत! मला आत्ता दिसलं. विचारतो तर काही सांगत नाहीत. चपला तिथं राहिल्या का?"

"हो बेटा. इथंच आहेत."

"मग कोणाच्या हाती पाठवता का? नाहीतर इथंच नव्या घेऊन देतो. बाबा, काका म्हणतात चपला वरच राहिल्या..."

आणि मागून गजभियेचा आवाज आला, गोंगाटाच्या वरून, पंप चालू असताना ओरडायचा ना, तसा.

"राह्यल्या नाई! त्याले म्हना, हात नको लावू. मानूस आत हाये!"